विरामचिन्हांवर अंमल कोणाचा?

डोनाल्ड क्नुथ यांच्या ‘टेख’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीत ग्रंथ सिद्ध करणाऱ्यांपैकी पुष्कळांचा असा समज असतो की, विरामचिन्हाचे वर्तन हे त्या चिन्हातच उपजत असून ते बदलण्याचा अखत्यार लेखकाला नाही. वस्तुतः ते वर्तन प्रणालीच्या निरनिराळ्या दप्तरांत नोंदलेले असते, आणि यांतील प्रत्येक नोंद लेखकाला फिरविता येते.

पूर्णविरामानंतर मोकळ्या जागेची कळ दोनदा दाबली म्हणजे अंतर वाढते, ही टंकलेखन-यंत्राच्या काळातील समजूत येथे निराधार ठरते. कारण लागोपाठच्या अनेक मोकळ्या जागा ‘टेख’ एकच मानते. अंतर ठरते ते ‘एसएफकोड’ या नोंदीने: सामान्य अक्षराला १०००, स्वल्पविरामाला १२५०, अर्धविरामाला १५००, अपूर्णविरामाला २००० आणि पूर्णविरामाला ३०००; २००० किंवा त्याहून अधिक मूल्य असले की अंतरात भर पडते. रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांना मुद्दाम ९९९ दिलेले असल्यामुळे आद्याक्षरापुढील बिंदू वाक्यान्त समजला जात नाही. देवनागरीत मोठ्या-लहान अक्षरांचा भेदच नसल्याने हे संरक्षण आपल्याला लाभत नाही, आणि ‘डॉ. आंबेडकर’ या शब्दांमध्ये, जणू ‘डॉ.’पाशी वाक्य संपले असावे, तेवढे अंतर पडते. मराठी ग्रंथाला ही गोष्ट खरोखर विरूप करते. ‘फ्रेंचस्पेसिंग’ या आज्ञेने सर्व चिन्हे १००० वर येतात; किंवा ‘डॉ.’नंतरच्या मोकळ्या जागेऐवजी ‘~’ हे चिन्ह घातल्यास अंतर साधे राहून शिवाय ओळही तेथे तुटत नाही.

गणितात स्वल्पविराम विभाजक मानला जातो, म्हणून १,००,००० मधील प्रत्येक स्वल्पविरामापुढे नको असलेली फट येते. त्याला महिरपी कंसात ठेवले की ती जाते.

सर्वांत हट्टी गैरसमज ‘कॅटकोड’विषयी, म्हणजे प्रत्येक चिन्हाचा वर्ग ठरविणाऱ्या नोंदीविषयी आहे: ती केव्हाही बदलली तरी परिणाम होतो, असे मानले जाते. सोळा वर्गांपैकी १३ क्रमांकाच्या वर्गात घातलेले चिन्ह स्वतःच आज्ञा बनते, हे खरे; फ्रेंचमध्ये ‘;’, ‘:’, ‘!’, ‘?’ यांच्यापूर्वी अंतर सोडण्यासाठी ही युक्ती वापरलीही गेली. परंतु हा वर्ग मजकूर वाचला जाताक्षणीच कायम होतो, त्यामुळे एखाद्या आज्ञेने अगोदरच उचललेल्या मजकुरावर नंतरच्या बदलाचा काहीही अंमल चालत नाही. गणितातील चिन्हाचे वर्तन नोंदणारा ‘मॅथकोड’ आणि ‘एसएफकोड’ मात्र प्रत्यक्ष जुळणीच्या वेळी पाहिले जातात. तेव्हा गणितातील स्वल्पविरामासाठी वर्गाला हात लावण्यापेक्षा ‘मॅथकोड’ बदलणे, आणि तेही आवश्यक तेवढ्याच गटापुरते, श्रेयस्कर होय.