आचारसंहितेच्या समासात

मंडळाची घटना दुरुस्त करावयाची म्हटली की प्रथम तिची प्रत शोधावी लागते, आणि ती बहुधा एखाद्या माजी कार्यवाहांच्या कपाटात निघते! १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने मात्र उद्देशबदलाच्या बाबतीत पुष्कळ सावधगिरी बाळगली आहे. प्रस्ताव दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाकडे गेला पाहिजे; विशेष सभेत तीन-पंचमांश मते पडली पाहिजेत; आणि महिन्याच्या अंतराने भरणाऱ्या दुसऱ्या सभेनेही त्यावर तशीच मोहर उमटविली पाहिजे.

पण जेथे वर्गणी नाही, सभागृह नाही आणि दार सर्वांना उघडे आहे, तेथे हे कसे व्हावे? विकिपीडिया हा असाच एक समुदाय. त्याची मराठी आवृत्ती २००३ साली सुरू झाली. इंदूर, बडोदे, बेळगाव, पणजी येथे बसूनही तिच्यात भर घालता येते. या साऱ्या भाषिक समुदायांसाठी एक सार्वत्रिक आचारसंहिता फेब्रुवारी २०२१ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानच्या विश्वस्त मंडळाने मंजूर केली. सर्वसाधारण मतदान त्या वेळी झाले नव्हते, आणि याची खंत अनेकांनी बोलूनही दाखविली.

खरी परीक्षा अंमलबजावणीच्या नियमांची झाली. मार्च २०२२ मध्ये त्यांवर मतदान होऊन ५८.६ टक्के मते अनुकूल पडली. बहुमत होते, तरीही मसुदा फेरविचारासाठी परत गेला. आम्हांस या सर्व हकिकतीत हीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. मतदारांनी नुसता होकार-नकार दिला नव्हता, कारणेही लिहिली होती. तक्रारदाराचे नाव गुप्त राहावे हे खरे, पण ज्याच्यावर आरोप आहे त्यास आपली बाजू मांडावयास मिळणार की नाही? मसुद्याची भाषा अनुवादकास तरी उलगडेल काय? या आक्षेपांस धरून दुरुस्त्या झाल्या. जानेवारी २०२३ च्या दुसऱ्या मतदानात ७६ टक्के अनुकूल मते पडली. दुरुस्त्या सुचविण्याची वाट तेथेच बंद झाली नाही. २०२५ मध्ये त्यांवर पुन्हा मतदान झाले.

मराठी वाचकास येथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. एकेक वाक्य निरुपद्रवी असले तरी सततची थट्टा आणि उपरोध मिळून अपमान ठरू शकतो, असे या संहितेत म्हटले आहे. आता टोमणा हा तर आमच्या भाषेचा अलंकार! शिवाय ‘आपण’वरून ‘तुम्ही’वर आणि ‘तुम्ही’वरून ‘तू’वर उतरण्यात जो अवमान भरलेला असतो, तो इंग्रजी मसुदा लिहिणाऱ्यास दिसावा कसा? घाटावरचे साधे बोलणे कोकणात उद्धट वाटते, आणि हैदराबादी मराठीचा लहेजा आणखी निराळा. हे आपणच सांगावयास हवे.

सांगण्याचीही एक रीत आहे. संपूर्ण मसुदा आधी वाचावा. कोणते कलम, त्यातील कोणता शब्द, हे नेमके दाखवावे. एका वेळी एकच दुरुस्ती मांडावी, कारण दहा सूचनांच्या गाठोड्यात चांगली सूचनाही गुदमरते. त्या शब्दाने कोणाचे काय नुकसान होते हे उदाहरणाने पटवावे. मात्र उदाहरणातून कोणा व्यक्तीवर जुना राग काढू नये. पर्यायी वाक्य स्वतः लिहून द्यावे. इंग्रजी येत नसल्यास मराठीत लिहावे. मग थांबावे. आक्षेप घेणाऱ्यांस उत्तर देताना, ज्या संहितेविषयी वाद चालला आहे तिचेच कलम आपल्या हातून मोडले जात नाही ना, एवढे पाहिले की पुरे.