सराफ्याची रात्र आणि निघतानाचे इन्सुलिन

लग्नाचा वाढदिवस, नातवाचा निकाल, पुण्याहून आलेले व्याही. असे काही निमित्त घडले की इंदूरच्या मराठी घरांतील चूल त्या संध्याकाळी विसावते आणि पावले छप्पन दुकानांकडे वा सराफ्याकडे वळतात. सोन्याचांदीच्या पेढ्या मिटल्यावर सराफ्यात भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात तळलेला गराडू आणि जाडजूड जलेबा यांचे राज्य सुरू होते. मधुमेही रुग्णाने या आनंदापासून दूरच राहावे, असे सांगणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक नाही.

चिंता जिभेची नसून घड्याळाची आहे. जेवणाआधी अर्धा तास साधे इन्सुलिन घेणारे आजोबा सवयीने घरून निघतानाच सुई टोचून घेतात. पुढे वाहनासाठी जागा, मग टेबलासाठी तिष्ठणे, मग नातवंडांची फर्माईश! पहिला घास येईपर्यंत दीड तास सरतो. घाम, हातांचा कंप, अकारण चिडचिड ही रक्तशर्करा उतरल्याची लक्षणे. घरची मंडळी मात्र 'गर्दीने त्रास झाला' म्हणून त्यांना वारा घालत बसतात. सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्यांनीही हेच घडू शकते. काय खावे हे आपण रुग्णाला विस्ताराने सांगतो. बाहेर किती वाजता जेवणार, हे क्वचितच विचारतो.

इन्सुलिन सोबत न्यावे. मांडूची सहल असल्यास तापलेल्या मोटारीत ठेवू नये. साधे इन्सुलिन टेबल मिळून पदार्थ सांगितल्यावर, जलद परिणामाचे पदार्थ समोर आल्यावरच घ्यावे. लक्षणे दिसताच, रुग्ण शुद्धीवर असल्यास, चहाचे 3 चमचे साखर पाण्यातून द्यावी व 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. तेथे जलेबा कामाचा नाही. तुपामुळे त्यातील साखर रक्तात उशिरा पोहोचते.