मुक्काम कोठे करावा?

प्रवासाला निघायचे ठरले की आपण प्रथम तिकिटांचा विचार करतो. काय पाहायचे, किती दिवस राहायचे, खर्च किती येईल, याची चर्चा घरात होते. राहण्याच्या जागेचा विचार मात्र पुष्कळदा गाव आल्यावर, स्थानकाबाहेर उभे राहूनच केला जातो. सामान हातात, मुले पेंगुळलेली आणि रात्र झालेली. अशा वेळी माणूस निवड करीत नाही. जे मिळेल ते स्वीकारतो. म्हणूनच मुक्कामाची निवड हा प्रवासाच्या तयारीचा महत्त्वाचा भाग मानला पाहिजे.

सुटीत कोणी समुद्रकिनारी जातो, तर कोणी हिवाळ्यातील स्वच्छ उन्हात जुनी नगरे पाहण्यासाठी राजस्थानकडे वळतो. ठिकाण कोणतेही असो, निवडीची रीत तीच. ती आपण जयपूरच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

वाटसरूला निवारा देणे हे आपल्या देशात पूर्वापार पुण्यकर्म मानले गेले आहे. शेरशाह सूरीने सोळाव्या शतकात राजमार्गांवर सराया बांधल्या. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी अनेक तीर्थक्षेत्री घाट, विहिरी आणि धर्मशाळा उभारल्या. ही परंपरा आजही टिकून आहे. जयपूरमध्ये धर्मशाळा आहेत, साधी अतिथिगृहे आहेत, मोठी हॉटेले आहेत आणि काही कुटुंबे आपल्या घरातील खोल्याही पाहुण्यांना देतात. कोकणातील ‘न्याहारी निवास’ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही शेवटची पद्धत ओळखीची वाटेल. एके काळचे राजवाडेही आता पाहुण्यांसाठी खुले झाले आहेत. महाराजा सवाई मानसिंह दुसरे यांचे निवासस्थान असलेला रामबाग महाल १९५७ मध्ये हॉटेल झाला. अशा महालातील मुक्काम थोड्यांनाच परवडतो. परंतु जुन्या शहरातील अनेक लहान हवेल्यांतही आज प्रवासी उतरतात.

यांतून निवड करताना पहिला प्रश्न विचारावा तो जागा कोठे आहे हा. सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ मध्ये वसवलेले जयपूर तटबंदीच्या आत सरळ रस्त्यांनी आणि चौकोनी विभागांनी आखलेले आहे. २०१९ मध्ये या शहराला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. हवामहल, जंतरमंतर आणि राजवाडा ही स्थळे या भागात एकमेकांजवळच आहेत. तेथे उतरल्यास पायी फिरता येते. मात्र गल्ल्या अरुंद, बाजार गजबजलेला आणि वाहन दारापर्यंत पोहोचेलच असे नाही. रेल्वेस्थानक आणि सिंधी कॅम्प बसस्थानक तटबंदीच्या पश्चिमेला आहेत. पहाटेची गाडी पकडायची असेल तर तो परिसर सोयीचा. तेथून मेट्रोने जुन्या शहरातील बडी चौपडपर्यंत जाता येते. आमेरचा किल्ला मात्र शहरापासून सुमारे अकरा किलोमीटरवर आहे, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न ऋतूचा. मे महिन्यात जयपूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तर जानेवारीच्या रात्री तो दहा अंशांखाली उतरतो. जुन्या हवेल्यांची रचना या हवामानाचा विचार करूनच झाली होती. जाड भिंती सावकाश तापतात. मधल्या चौकातून तापलेली हवा वर निघून जाते. दगडी जाळीतून वारा आत येतो, पण ऊन गाळले जाते. सिमेंटच्या इमारतीत छतालगतची खोली दिवसभर तापते आणि रात्री उष्णता सोडत राहते. म्हणून उन्हाळ्यात खालच्या मजल्यावरील खोली मागावी. हिवाळ्यात गरम पाणी किती वाजता मिळते आणि पांघरुणे पुरेशी आहेत काय, हे विचारावे. समुद्रकिनारी जाणाऱ्यानेही हाच विवेक ठेवावा; तेथे दमट हवा आणि पावसाळा यांचा विचार करावा लागतो.

तिसरा प्रश्न खर्चाचा. स्वस्त खोली नेहमी स्वस्त पडतेच असे नाही. समजा, शहराबाहेरील खोली दररोज चारशे रुपयांनी स्वस्त आहे. पण रोज जाण्यायेण्यास रिक्षाला पाचशे रुपये लागतात. तीन दिवसांत आपण बाराशे रुपये वाचवतो आणि पंधराशे रुपये घालवतो. वेळ जातो तो निराळाच. भाडे आणि प्रवासखर्च यांची बेरीज केल्याशिवाय दोन जागांची तुलना करू नये.

याशिवाय काही गोष्टी आधीच स्पष्ट करून घ्याव्यात. भाडे चोवीस तासांचे आहे की ठरावीक वेळी खोली सोडावी लागते? कर आणि न्याहारी भाड्यात धरली आहे काय? काही धर्मशाळांत केवळ कुटुंबांनाच जागा देतात. एकट्या प्रवाशाने हे अगोदर विचारावे. आगाऊ रक्कम दिल्यास पावती घ्यावी. ओळखपत्र सर्वांचे असावे. ‘ते हॉटेल बंद झाले, मी दुसरे दाखवतो,’ असे स्थानकाबाहेर कोणी सांगितल्यास ठरलेल्या जागी स्वतः दूरध्वनी करून खात्री करावी. कारण प्रवासी आणून देणाऱ्याला काही ठिकाणी दलाली मिळते आणि तिचा भार अखेर प्रवाशावरच पडतो. खोलीची कडी नीट लागते काय, जिना व बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा आहे काय, हे सामान ठेवण्यापूर्वीच पाहावे. स्त्रिया, वृद्ध आणि लहान मुले सोबत असताना तर ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते.

मुक्कामाची जागा महागडी असण्याची गरज नाही. ती आपल्या हेतूला, ऋतूला आणि खिशाला साजेशी असली म्हणजे पुरे. दिवसभर फिरून थकलेल्या माणसाला संध्याकाळी निःशंकपणे पाठ टेकता आली, तरच दुसऱ्या दिवशीचे नवे शहर त्याला प्रसन्न मनाने पाहता येते.