धरणाची गळती नळाला कळत नाही

जुलै लागला की पुणेकरांना धरणांचे आकडे तोंडपाठ होतात. खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. चारही भरली की २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३० कोटी लिटर. जलसंपदा खात्यात शाखा अभियंता म्हणून माझी नोकरी धरणांवर गेली. निवृत्तीनंतरही ओळखीचे लोक पावसाळ्यात हमखास फोन करतात आणि एकच विचारतात, ‘काय मॅडम, यंदा पाणीकपात होणार का?’ भिंत कशी आहे, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

हा प्रश्न विचारायला हवा, हे २०१६ साली टेमघरने दाखवून दिलं. मुळशी तालुक्यात मुठा नदीवर असलेलं हे दगडी धरण, धरणांच्या मानाने अगदी तरुण. तरीही त्याच्या भिंतीतून सेकंदाला अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी झिरपत होतं. दिवसाचा हिशेब केला तर एकवीस कोटी लिटरहून जास्त. भिंतीच्या कोरड्या, दर्शनी बाजूवरून धारा लागल्याची छायाचित्रं तेव्हा वर्तमानपत्रांत आली, चौकशी झाली, गुन्हेही दाखल झाले. पण पुण्याच्या एकाही नळाला या गळतीची झळ बसली नव्हती. बसणारही नव्हती, कारण टेमघरमधून गळलेलं पाणी मुठेनेच खाली खडकवासल्यात येतं आणि तिथून शहराला मिळतं. म्हणजे पाणी वाया जात नव्हतं. झिजत होती ती भिंत. धरणाचं दुखणं शहराला कळत नाही ते यामुळे.

भिंत झिजते म्हणजे काय, ते सांगते. दगडी धरण उभं राहतं ते स्वतःच्या वजनावर. पाणी जितकं खोल, तितका त्याचा रेटा जास्त. दर मीटर खोलीला चौरस मीटरमागे एक टनाची भर पडते. म्हणजे चाळीस मीटर खोलीवर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरला चाळीस टनांचा दाब सोसावा लागतो. शिवाय पाणी भिंतीच्या पायाखाली आणि अंगातल्या सांध्यांत शिरून तिला खालून वर उचलू पाहतं. दगडांमधला मसाला दाट आणि भरीव असेल तर पाण्याला वाट मिळत नाही. तो कच्चा असेल, मध्ये पोकळ्या राहिल्या असतील, तर पाणी वाट काढतं आणि जाताना मसाल्यातला चुना विरघळवून नेतं. वाट रुंदावते, पाणी वाढतं, चुना आणखी जातो. दगडी धरणाच्या कोरड्या बाजूला पांढरे ओघळ दिसतात, ते या चुन्याचे.

म्हणूनच मोठ्या दगडी धरणांच्या पोटात एक बोगद्यासारखी गॅलरी ठेवलेली असते. तिथे निचऱ्याची छिद्रं असतात. पायाखाली साठू पाहणारं पाणी त्यांतून बाहेर येतं आणि वर उचलणारा दाब कमी होतो. गॅलरीत पाणी दिसलं की पहिल्यांदा आलेला माणूस घाबरतो. खरं तर थोडं पाणी यायलाच हवं. छिद्रं अचानक कोरडी पडली तर मला जास्त काळजी वाटायची, कारण बहुतेक वेळा ती चुन्याने बुजलेली असतात आणि आत दाब साठत असतो. गमबूट, बॅटरी, पायऱ्यांवरचं शेवाळ, कपाळावर टपटपणारं पाणी आणि हातात नोंदवही असं ते काम. गॅलरीच्या चरात पत्र्याचा एक अडसर बसवलेला असतो, त्याला त्रिकोणी खाच असते. ती व्ही-नॉच. खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची पट्टीवर वाचायची आणि त्यावरून गळती काढायची. उंची दहा सेंटीमीटर असेल तर सेकंदाला साडेचार लिटरच्या आसपास पाणी जात असतं. वीस सेंटीमीटर झाली तर नऊ लिटर नव्हे, जवळपास पंचवीस लिटर. पट्टीवरचा फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो, गळती साडेपाचपट झालेली असते. आणि हा आकडा एकटा वाचून उपयोग नाही. तलाव याच पातळीला असताना गेल्या वर्षी किती होता, त्याच्या आदल्या वर्षी किती होता, हे शेजारी मांडलं तरच त्याला अर्थ येतो.

एका धरणाचा ताबा घेतला तेव्हा मी जुन्या नोंदवह्या काढल्या. सलग तीन पावसाळे गळतीचे आकडे अगदी तेच! तलावाच्या पातळ्या मात्र वेगळ्या. कुणीतरी गॅलरीत न उतरता टेबलावर बसून वही भरली होती. त्या धरणाला पुढे काही झालं नाही. पण तीन वर्षं ते कसं वागलं, हे आता कुणालाच कधीही कळणार नाही. रिकाम्या वहीपेक्षा अशी भरलेली वही घातक. रिकामी निदान दिसते तरी.

मातीच्या धरणाचं गणित निराळं. आमचे एक जुने मोजणीदार म्हणायचे, ‘मॅडम, पाणी किती येतंय ते नंतर मोजा, आधी गढूळ आहे का ते बघा.’ पायथ्याशी स्वच्छ पाझर असेल तर धरण पाणी सोडतंय. गढूळ असेल तर माती सोडतंय, आणि मग हातात फार वेळ नसतो. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची माणसं वाहून गेली. धरण गळतंय, अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. हे वाक्य लिहिताना मला आजही राग येतो.

पुण्याला तर हे सांगावं लागू नये. पानशेतचं मातीचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, तेव्हा ते पुरतं बांधूनही झालेलं नव्हतं. पोटातून पाणी सोडण्याच्या मोरीचं आणि तिच्या दारांचं काम अपुरं असताना पावसाने तलाव भरला, मोरीवरचा भराव खचत गेला, जवानांनी वाळूची पोती रचली, तरी पाणी माथ्यावरून गेलं. त्या लोंढ्यापुढे खालचं खडकवासला टिकलं नाही. पूर ओसरला आणि पुढचे कित्येक दिवस शहराच्या नळांना पाणी नव्हतं, कारण शहर ज्या तलावावर जगत होतं तोच रिता झाला होता. पेठांतल्या वाड्यांच्या विहिरी पुन्हा उपसल्या गेल्याचं आई सांगायची. आज टेमघरही खडकवासल्याच्या वरच आहे, आणि टेमघरचा साठा खडकवासल्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. एका ओळीतल्या धरणांत वरच्याची हयगय खालच्याला भोवते.

टेमघरची दुरुस्ती २०१७ पासून झाली. तलाव रिकामा करून उन्हाळ्यात कामं घेतली गेली. भिंतीत छिद्रं पाडून दाबाने सिमेंटचं मिश्रण भरलं, म्हणजे ग्राउटिंग केलं, आणि पाण्याकडच्या बाजूवर शॉटक्रीटचा, म्हणजे दाबाने फवारलेल्या काँक्रीटचा, थर दिला. गळती सुमारे नव्वद टक्क्यांनी खाली आली. हे मोठं यश आहे आणि ते ज्यांनी मिळवलं त्यांना मी मनापासून मानते. पण ग्राउटिंग केलं म्हणजे धरण नवं होत नाही. त्याची नोंदवही आता पूर्वीपेक्षा जास्त जपून लिहायला हवी. आपल्याकडे जुन्या अनुभवाचीही कमतरता नाही. प्रवरेवरच्या भंडारदरा धरणात १९६९ साली गंभीर गळती दिसली, वेळेवर हालचाल झाली, भिंतीला मागून टेकू देऊन ती बळकट केली गेली. १९२६ साली पुरं झालेलं ते धरण आजही काम करतं आहे.

देशाचा धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, मोठा पूर किंवा भूकंप झाल्यावर पुन्हा तपासणी, प्रत्येक मोठ्या धरणासाठी आपत्कालीन कृती आराखडा, हे सगळं त्यात आहे. जुन्या धरणांच्या आराखड्यांना पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. देशात सर्वांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, म्हणजे सर्वांत जास्त नोंदवह्याही आपल्याच.

पाणीसाठ्याचा तक्ता रोज छापून येतो. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना हवा, आजची गळती आणि याच पातळीला गेल्या वर्षीची गळती. हा आकडा खात्याकडे असतो, निदान असायला हवा. तुम्ही ज्या धरणाचं पाणी पिता, त्याच्या विभागीय कार्यालयाला माहितीच्या अधिकारात एक अर्ज करा आणि तीन गोष्टी मागा: पावसाळ्यानंतरच्या तपासणीचा शेवटचा अहवाल, गेल्या पाच वर्षांच्या गळतीच्या नोंदी आणि आपत्कालीन आराखडा. धरणाच्या खालच्या गावात राहत असाल तर आराखड्याची प्रत ग्रामपंचायतीत लावायला सांगा.