पिल्लू फुकट आलं, लशीचं काय?

मांजराचं पिल्लू घरात येतं ते बहुधा पैसे न मोजताच. जिन्याखाली भाटी व्यालेली असते, शेजारच्या काकू टोपलीत घालून एखादं आणून देतात, किंवा पावसात भिजलेलं पिल्लू आपणच उचलून आणतो. म्हणूनच पहिल्या लशीचं बिल पाहून अनेकांना धक्का बसतो. मग ‘मांजर घरातच तर असतं, त्याला कशाला एवढं?’ असं म्हणत पुढचे डोस राहून जातात. हा हिशेब चुकीचा का, ते नीट समजून घ्यायला हवं.

लशी कोणत्या?

घरच्या मांजराला दोन लशी आवश्यक आहेत. पहिली तिहेरी लस, जिला दवाखान्यात ‘ट्रायकॅट’ म्हणतात. ती पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या तीन विषाणूंपासून संरक्षण देते. दुसरी रेबीजची.

हर्पिस आणि कॅलिसीमुळे डोळे चिकटतात, नाक वाहतं, तोंडात फोड येतात. पॅनल्यूकोपेनिया मात्र जिवावर बेततो. हा विषाणू आतडी आणि पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो. उलट्या-जुलाबांनी पिल्लू एक-दोन दिवसांत कोलमडतं. हा विषाणू अनुकूल जागी वर्षभर तग धरतो आणि चपलांना चिकटून घरात येतो. त्यामुळे उंबरठा न ओलांडणारं मांजरही सुरक्षित नसतं.

तीन डोस कशासाठी?

आईच्या चिकातून पिल्लाला प्रतिकारशक्ती मिळते. ती रोगापासून वाचवते, पण लशीचा परिणामही रोखते. ती कधी ओसरेल हे पिल्लागणिक बदलतं. कुणाची आठव्या आठवड्यात संपते, कुणाची चौदाव्यानंतरही टिकते. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यायचे आणि शेवटचा सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर द्यायचा, असं जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटना सांगते. लस खात्रीने लागू पडते ती याच शेवटच्या डोसाला. पैसे वाचवायला लोक नेमका तोच टाळतात. अशा वेळी आधीच्या दोन डोसांचा खर्चही वाया जाऊ शकतो.

खर्च किती?

पुणे-मुंबईच्या खासगी दवाखान्यांत ट्रायकॅटचा एक डोस साधारण ७०० ते १,२०० रुपयांना पडतो, रेबीजचा २५० ते ५०० रुपयांना. तीन ट्रायकॅट, बाराव्या आठवड्यानंतर एक रेबीज, तपासणीची फी आणि जंताचं औषध धरलं, तर पहिल्या वर्षाचा आकडा अंदाजे साडेतीन ते सहा हजारांवर जातो. म्हणजे महिन्याला तीनशे ते पाचशे रुपये. डॉक्टर घरी आले तर त्यांची फी वेगळी.

पुढे बूस्टर लागतो, पण खर्च बराच उतरतो. पहिला बूस्टर झाल्यावर घरातच राहणाऱ्या मोठ्या मांजराला तिहेरी लस तीन वर्षांनी दिली तरी चालते, असं हीच संघटना सांगते. आपल्याकडे अनेक दवाखाने ती दरवर्षी देतात. आपल्या मांजराला किती वेळा लागेल, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. रेबीजची लस मात्र आपल्याकडे दरवर्षी द्यावी.

दुसऱ्या बाजूला पॅनल्यूकोपेनियाचा उपचार पाहा. सलाइन, इंजेक्शनं, अनेक दिवस दवाखान्यात ठेवणं. बिल लशीच्या कितीतरी पट होतं आणि पिल्लू वाचेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर तर मांजराला इलाज नाही, आणि त्याने चावलेल्या माणसात लक्षणं दिसू लागली, तर त्यालाही नाही. मांजर चावलं वा त्याने ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लगेच रुग्णालय गाठायचं. सरकारी रुग्णालयांत माणसांसाठीची रेबीज लस मोफत मिळते.

बचत कुठे करावी?

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस स्वस्तात मिळू शकते. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला अनेक ठिकाणी मोफत शिबिरं होतात. मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट या प्राण्यांच्या रुग्णालयासारखी धर्मादाय संस्था आहे. रेबीजच्या लशीची दहा डोसांची बाटलीही येते. सोसायटीतल्या मांजरवाल्यांनी एकाच दिवशी लस घेतली, तर प्रत्येकाचा खर्च कमी होऊ शकतो. अंगणात येणाऱ्या भटक्या मांजरांनाही त्यातच सामावून घेता येतं.

दुकानातून लस आणून घरीच टोचणं मात्र टाळा. लस सतत २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे. ती तापली तर निकामी होऊ शकते, आणि हे बाटलीकडे पाहून कळत नाही. दवाखान्यातही टोचण्याआधी मुदत तपासा, बाटलीवरचं लेबल कार्डावर चिकटवून घ्या. मांजर आजारी असेल तर डोस पुढे ढकला, पण रद्द करू नका.

पिल्लू घरी आणण्याआधी हे पैसे बाजूला काढून ठेवा. तेवढे जमत नसतील तर दवाखान्यात तसं स्पष्ट सांगा, स्वस्त पर्याय विचारा. आणि काही झालं तरी सोळाव्या आठवड्याचा डोस चुकवू नका.