पाच दिवसांची सहल, बर्फावरचे दोनच दिवस : रायपूरहून गुलमर्गच्या स्कीइंगचे नियोजन कसे करावे?

रायपूर : हिवाळा सुरू झाला की शहरातील समता कॉलोनी, चौबे कॉलोनी या परिसरांतील कुटुंबांत हिमालयाच्या सहलीचे बेत आखले जाऊ लागतात. चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ असल्याने या भागातील मराठी कुटुंबांचा परस्परसंपर्क दाट आहे आणि सहलींची माहितीही एका घरातून दुसऱ्या घरात सहज पोहोचते. अलीकडे या बेतांमध्ये केवळ बर्फ पाहण्याऐवजी बर्फावर स्कीइंग शिकण्याची इच्छाही दिसते. तथापि, समुद्रसपाटीपासून जेमतेम 300 मीटर उंचीवर राहणाऱ्या आणि स्कीच्या पट्ट्या कधीही न बांधलेल्या व्यक्तीसाठी ही सहल नेहमीच्या पर्यटनापेक्षा वेगळी ठरते. हॉटेल आणि विमानाची तिकिटे निश्चित झाली म्हणजे नियोजन पूर्ण झाले, असे येथे होत नाही. हाती असलेल्या सुट्टीतील किती दिवस प्रत्यक्ष हिमावर मिळणार, हा या सहलीतील पहिला प्रश्न आहे.

दिवसांचे गणित

रायपूरहून काश्मीरला जाण्यासाठी सर्वसाधारणपणे दिल्लीमार्गे विमानप्रवास करावा लागतो. समता कॉलोनीपासून माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळ सुमारे 15 किलोमीटरवर आहे. दिल्लीत विमान बदलून श्रीनगरला पोहोचल्यानंतर तंगमर्गमार्गे गुलमर्गपर्यंत सुमारे 50 किलोमीटरचा रस्ता उरतो. यातील तंगमर्ग ते गुलमर्ग हा शेवटचा 13 किलोमीटरचा टप्पा चढणीचा आहे. ताजी हिमवृष्टी झाली असल्यास चाकांना साखळ्या लावलेल्या वाहनांनाच पुढे सोडले जाते. अशा वेळी तंगमर्गला वाहन बदलावे लागते. त्यामुळे पहिला संपूर्ण दिवस प्रवासातच जातो, असे गृहीत धरणे योग्य ठरते.

परतीचा दिवसही असाच जातो. श्रीनगर विमानतळावर सुरक्षा तपासणीचे अधिक टप्पे असतात आणि सामानाची पहिली तपासणी इमारतीत शिरण्यापूर्वीच होते. गुलमर्गहून सकाळी निघून दुपारचे विमान गाठण्याचा बेत हिमवृष्टी झाल्यास कोलमडू शकतो. म्हणजे पाच दिवसांच्या सहलीत मधले तीन दिवस उरतात. वारा, धुके किंवा हिमवादळ यांपैकी एखादे कारण त्यातील एक दिवस सहज हिरावून घेते. उरतात दोन दिवस. स्कीइंगची पहिली ओळख होण्यासाठी दोन दिवस पुरेसे असले, तरी एकच दिवस मिळाल्यास हाती फारसे काही लागत नाही. म्हणूनच शक्य असल्यास सहावा दिवस राखून ठेवणे आणि परतीचे तिकीट तारीख बदलता येईल असे घेणे, हा या सहलीतील सर्वांत उपयुक्त खर्च ठरतो.

गुलमर्ग, औली की सोलंग?

देशात स्कीइंगसाठी प्रामुख्याने तीन ठिकाणांची नावे घेतली जातात. उत्तराखंडमधील चमोली जिल्ह्यातील औली येथे नवशिक्यांसाठी चांगले उतार आहेत आणि गढवाल मंडल विकास निगमातर्फे तेथे 7 व 14 दिवसांचे प्रशिक्षणवर्ग चालवले जातात. 2011 मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धांतील स्कीइंग येथेच झाले होते. मात्र ऋषिकेशपासून जोशीमठपर्यंतचा सुमारे 250 किलोमीटरचा डोंगरी रस्ता जाताना एक आणि येताना एक दिवस घेतो. जोशीमठ ते औली हा रोपवे भूस्खलनाच्या पार्श्वभूमीवर जानेवारी 2023 मध्ये बंद करण्यात आला. त्यामुळे आठ-दहा दिवसांची सुट्टी असणाऱ्यांसाठी औली उत्तम असले, तरी पाच दिवसांत ते साधणे कठीण आहे.

हिमाचल प्रदेशातील सोलंग हे मनालीपासून सुमारे 13 किलोमीटरवर आहे. दिल्लीहून रात्रभराच्या बसने मनालीला पोहोचता येते. तेथील उतार आखूड असल्याने तो पहिल्या ओळखीसाठी ठीक आहे. या तुलनेत गुलमर्गला विमानतळ जवळ आहे, उतार विस्तीर्ण आहेत आणि हिमही सहसा अधिक पडते. लहान सुट्टीसाठी त्याची निवड होते ती मुख्यत्वे या अंतराच्या हिशेबामुळे.

कोणता काळ योग्य?

काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून पुढील 40 दिवसांच्या कडाक्याच्या थंडीच्या काळाला ‘चिल्ला-ए-कलां’ म्हणतात. त्यानंतर 20 दिवसांचा ‘चिल्ला-ए-खुर्द’ आणि 10 दिवसांचा ‘चिल्ला-ए-बच्चा’ येतो. स्कीइंगसाठी लागणारा हिमाचा जाड थर साधारणपणे जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत मिळतो. नाताळच्या सुट्टीत गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात. हिमाचा थर मात्र अनेकदा पातळ असतो.

हे ठोकताळेही दरवर्षी खरे ठरतीलच असे नाही. काश्मीरमधील हिवाळी हिमवृष्टी भूमध्य समुद्राच्या दिशेकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असते. हे विक्षोभ दुबळे पडले किंवा त्यांनी मार्ग बदलला, तर भर जानेवारीतही कुरणे उघडी राहतात. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गला नेमके हेच घडले. फेब्रुवारीच्या प्रारंभी ठरलेला खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धांचा टप्पा त्या वर्षी 21 ते 25 फेब्रुवारीदरम्यान घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी पुरेशा हिमाअभावी 22 फेब्रुवारी 2025 पासूनचा टप्पा लांबणीवर पडला आणि तो 9 ते 12 मार्च या काळात पार पडला. राष्ट्रीय स्पर्धेच्या आयोजकांनाही हिमाची वाट पाहावी लागते, तेथे चार महिने आधी तारीख ठरवणाऱ्या कुटुंबाने हिमाची खात्री धरू नये. दोन पर्यायी तारखा मनात ठेवून, निघण्यापूर्वी आठवडाभर हवामान खात्याचे अंदाज पाहून अंतिम निर्णय घेणे हिताचे ठरते.

तीनशे मीटरवरून चार हजार मीटरकडे

गुलमर्गचे पठार सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे. तेथील गोंडोलाचा पहिला टप्पा 1998 मध्ये सुरू झाला. तो प्रवाशांना सुमारे 3,000 मीटरवरील कोंगडोरीपर्यंत नेतो. 2005 मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवाट पर्वतावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत जातो. गुलमर्गला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने कमी असतो, तर अफरवाटवर तो साधारण 60 टक्क्यांच्या आसपास राहतो. त्याच प्रमाणात प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू घटतो.

2,500 मीटरच्या वर कोणालाही उंचीचा त्रास होऊ शकतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे आहेत. सकाळी रायपूरला असलेली व्यक्ती रात्री गुलमर्गला पोहोचते, तेव्हा शरीराला जुळवून घेण्यास वेळच मिळालेला नसतो. म्हणून पहिल्या संध्याकाळी श्रम टाळावेत, पाणी भरपूर प्यावे, मद्य वर्ज्य करावे आणि दुसऱ्या दिवशी पठारावरील सौम्य उतारांवरच थांबावे. लक्षणे वाढत असल्यास खाली उतरणे हाच खरा उपाय आहे. हृदय वा श्वसनाचे विकार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा.

दोन दिवसांत काय शिकता येते?

गुलमर्ग येथे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे. पहलगाम येथील जवाहर गिर्यारोहण व हिवाळी क्रीडा संस्थाही येथे वर्ग घेते. मात्र अशा संस्थांचे वर्ग साधारण एक ते दोन आठवड्यांचे आणि ठरलेल्या तारखांचे असल्याने लहान सहलीत ते बसत नाहीत. अशा वेळी खासगी प्रशिक्षक घ्यावा लागतो. त्याची पर्यटन विभागाकडील नोंदणी, शिकवण्याचे तास आणि भाड्याच्या साहित्याचा दर या बाबी आधीच स्पष्ट करून घ्याव्यात.

पहिल्या दिवशी बूट बांधणे, पट्ट्यांवर चालणे, पडणे आणि पडल्यावर उठणे एवढेच शिकवले जाते. त्यानंतर येते वेग रोखण्याची मूलभूत पद्धत. यात पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची टोके दूर ठेवून आतल्या कडा हिमात दाबल्या जातात. ही पद्धत अंगवळणी पडेपर्यंत उताराची उंची वाढवू नये. दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस सौम्य उतारावर थांबता येणे आणि दोन्ही बाजूंना वळता येणे, हे नवशिक्यासाठी समाधानकारक यश आहे.

या श्रमांचा ताण मांड्यांवर येतो. त्यासाठीची तयारी घरीच करता येते. निघण्यापूर्वी महिनाभर रोज उठाबशा, जिने चढणे-उतरणे आणि वेगाने चालणे असा सराव केल्यास हिमावरील दुसरा दिवस अंगदुखीत वाया जात नाही.

कपडे, बूट आणि डोळे

रायपूरच्या थंडीत वापरले जाणारे जाड स्वेटर येथे पुरेसे नसतात. जानेवारीत गुलमर्गचा पारा रात्री शून्याखाली 10 अंशांपर्यंत किंवा त्याहूनही खाली जातो. एका जाड कपड्याऐवजी तीन थर उपयोगी पडतात : अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारा, मध्ये लोकरी किंवा फ्लीसचा आणि बाहेर वारा व पाणी अडवणारा. सुती कपडे ओले झाले की अंग गारठवतात, म्हणून ते अंगालगत नसावेत. स्कीच्या बुटात मोज्यांच्या दोन जोड्या घालण्याची चूक अनेक जण करतात. त्यामुळे रक्तप्रवाह अडून पाय अधिक गार पडतात. लोकरीची एकच, लांब जोडी पुरते.

ताजे हिम अतिनील किरणांचा 80 टक्क्यांपर्यंतचा भाग परावर्तित करते आणि उंचीबरोबर या किरणांची तीव्रताही वाढते. त्यामुळे ढगाळ दिवशीही गॉगल आणि त्वचेसाठी सनस्क्रीन आवश्यक असते. पट्ट्या, बूट आणि काठ्या भाड्याने मिळतात. हेल्मेटही मागून घ्यावे.

धोका कोठे सुरू होतो?

हिमवादळ ओसरल्यानंतरची सकाळ स्कीइंगसाठी सर्वांत मोहक असते. हिमस्खलनाच्या दृष्टीने तीच सर्वांत धोक्याचीही असते. नव्याने पडलेला थर खालच्या थराशी घट्ट बांधला जाण्यापूर्वी 30 ते 45 अंशांच्या उतारावर थोडासा भारही त्याला सरकवू शकतो. अफरवाटच्या माथ्यावरून उतरणारे अनेक मार्ग अशाच उतारांवरून जातात. 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवाट परिसरातील हिमस्खलनात पोलंडच्या दोन स्कीपटूंचा मृत्यू झाला. 22 फेब्रुवारी 2024 रोजी एका रशियन स्कीपटूने प्राण गमावले. हिमाखाली गाडल्या गेलेल्या व्यक्तीसाठी पहिली दहा ते पंधरा मिनिटे निर्णायक असतात. शोधयंत्र, सळई आणि फावडे यांचे प्रशिक्षण नसलेल्याला त्या वेळेत काहीही करता येत नाही.

यातून नवशिक्यासाठी नियम स्पष्ट होतो. गोंडोलाचा दुसरा टप्पा त्याने, उंची सोसत असल्यास, केवळ दृश्य पाहण्यासाठी वापरावा आणि खाली गोंडोलानेच यावे. आखून दिलेल्या मार्गाबाहेर जाऊ नये. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या चंदीगड येथील प्रयोगशाळेच्या अंदाजांवर आधारित हिमस्खलनाचे इशारे जम्मू-काश्मीर प्रशासनाकडून प्रसिद्ध होतात. ते रोज सकाळी पाहावेत. जोरदार वाऱ्यात गोंडोला बंद ठेवला जातो. अशा दिवसाचा कार्यक्रम आधीच ठरवलेला असावा.

सुरक्षेचा दुसरा पैलूही दुर्लक्षिता येत नाही. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळील बैसरन येथे झालेल्या दहशतवादी हल्ल्यात 26 जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये रायपूरच्या एका व्यावसायिकाचा आणि महाराष्ट्रातील सहा पर्यटकांचा समावेश होता. या घटनेनंतर प्रशासनाने काश्मीरमधील 87 पैकी 48 पर्यटनस्थळे बंद केली होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने खुली होऊ लागली. त्यामुळे आरक्षणापूर्वी आणि निघण्याच्या आदल्या दिवशीही अधिकृत सूचना तपासणे आवश्यक आहे. काश्मीरचा बेत मनाला पटत नसेल, तर अधिक दिवस काढून औलीचा विचार करण्यात कमीपणा नाही.

निघण्यापूर्वीची पडताळणी

जम्मू-काश्मीरबाहेर घेतलेली प्रीपेड मोबाइल जोडणी तेथे चालत नाही. कुटुंबातील किमान दोघांकडे पोस्टपेड जोडणी असावी. गोंडोलाची तिकिटे ऑनलाइन आणि ओळखपत्राच्या आधारे मिळत असल्याने ती आधीच घ्यावीत आणि तेच ओळखपत्र सोबत ठेवावे. अनेक प्रवास विमा योजनांमध्ये साहसी खेळांतील अपघात वगळलेले असतात. म्हणून स्कीइंगचा स्पष्ट उल्लेख असलेली योजना निवडावी. नियमित औषधे हातातील पिशवीत असावीत आणि मुक्कामाच्या ठिकाणी खोली गरम ठेवण्याची काय सोय आहे, हे फोनवर विचारून घ्यावे.

खर्चाचा अंदाज बांधताना विमानभाडे व हॉटेल यांबरोबरच साखळ्यांचे वाहन, साहित्याचे भाडे, प्रशिक्षक, गोंडोला, विमा आणि एका जादा मुक्कामाची रक्कम धरावी. हा जादा मुक्काम अनेकदा अनावश्यक वाटतो. मात्र वादळामुळे श्रीनगरची विमाने रद्द झाल्यास तोच कुटुंबाला धावपळीतून वाचवतो आणि हवामान चांगले राहिल्यास बर्फावरचा आणखी एक दिवस पदरात टाकतो.