भाजे-कार्ल्याची भरलेली अंगं

गेल्या सुट्टीत आम्ही सारे लोणावळ्याला गेलो होतो. फोटो काढायची वेळ आली तशी आमची चौदा वर्षांची भाची सर्वांच्या मागे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "खाला, मी नको. मी जाडी दिसते." घरात तिला लाडाने 'ढोली' म्हणतात. आम्हीही म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी मळवलीला उतरलो. स्टेशनच्या एका बाजूला कार्ला, दुसऱ्या बाजूला भाजे. दोन्हीकडे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांची जोडपी कोरली आहेत. रुंद खांदे, भरदार मांड्या, पायांत जाडजूड वाळे. खात्यापित्या घरची माणसे अशीच दाखवत. भाज्याच्या विहारात मात्र एक रथ आहे आणि त्याच्या चाकांखाली फुगलेल्या, बेढब अंगाच्या राक्षसी आकृती. म्हणजे चार कोसांच्या आतच भरलेले अंग एकीकडे बरकतीची खूण, तर दुसरीकडे भीतीची.

औरंगाबादकडच्या पितळखोऱ्यात सापडलेला यक्ष तर ठेंगणा, ढेरपोट्या आणि हसतमुख आहे. कान्हदास नावाच्या सोनाराने तो घडवला, असे त्याच्या हातावरच कोरले आहे. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पुढे मावळावर विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल आला. त्या दरबारचा हबशी वजीर इख्लास खान चित्रांत चांगलाच स्थूल दिसतो. चित्रकाराने त्याची थट्टा केलेली नाही. ते अंग रुबाबाचे आहे. उलट १६१८ मध्ये जहांगीर बादशहाने आपल्या दरबारातल्या इनायत खानाचे चित्र काढवले. अफू आणि दारूने तो निव्वळ हाडांचा सापळा झाला होता. तेव्हा पाहणाऱ्यांना धसका बसला तो बारीकपणाचा.

मग जाडी हसण्याची गोष्ट कशी झाली? आपल्या काळात त्यात सिनेमाचा मोठा हात आहे. उमादेवींनी १९४७ च्या 'दर्द'मध्ये नौशाद यांच्या संगीतात गायलेली गाणी घरोघर पोहोचली. १९५० च्या 'बाबुल'पासून त्या 'टुणटुण' झाल्या. गळा मागे पडला, अंगच विनोद झाले, आणि गल्लीतल्या जाड मुलींना ते नाव चिकटले.

वजन वाढून त्रास होत असेल तर डॉक्टरांना जरूर विचारावे. चिडवल्याने कोणाचे वजन उतरत नाही. मूल फक्त ताटावर लपूनछपून बसू लागते. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा करू नका, वाईट नावे ठेवू नका, अशी ताकीद आहे, आणि तिथे स्त्रियांना वेगळे बजावले आहे. हे आम्ही कितीदा वाचले. घरातल्या 'ढोली'शी मात्र कधी जोडले नाही.

कार्ल्याच्या त्या जोडप्यांसमोर भाची बराच वेळ उभी होती. "या तर माझ्यासारख्याच आहेत," म्हणाली. परतताना फोटोत ती पुढे उभी राहिली. घरी आल्यावर आम्ही तिला तिच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली आहे. जीभ अजून कधी कधी घसरते.